कोयनेचे भूकंप: पाण्याचा वाटा नेमका किती?

‘कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरणाला कोणताही धोका नाही’ ही बातमी सातारा-सांगलीकडच्या वाचकांनी इतक्या वेळा वाचलेली आहे, की ती वाचून कोणी पान उलटायचेसुद्धा थांबत नाही. जगातल्या भूकंपशास्त्रज्ञांना मात्र याच बातमीचे साठ वर्षांहून अधिक काळ कुतूहल आहे. कोयना धरणाच्या दक्षिणेस, वारणेच्या खोऱ्यापर्यंत, साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा एका पट्ट्यात १९६२ पासून आजपर्यंत भूकंप होत आले आहेत. त्यांत ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून अधिक, ४ च्या वरचे सुमारे २०० आणि त्याखालचे हजारो धक्के आहेत. मोठ्या जलाशयांच्या आसपास भूकंप झाल्याची जगात शंभराहून अधिक उदाहरणे नोंदलेली असली, तरी बहुतेक ठिकाणी काही वर्षांत सारे शांत झाले. कोयनेत ते थांबलेले नाही, आणि एवढ्या लहान पट्ट्याबाहेर फारसे पसरलेलेही नाही. म्हणूनच गेल्या दशकात इथे जमिनीत तीन किलोमीटर खोल विंधण घेण्यात आले. त्या विंधणीतून काय शोधायचे आहे हे कळण्यासाठी आधी धरण आणि भूकंप यांचा संबंध नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात: एक, धरणानेच भूकंप घडवला, आणि दुसरे, धरणाचा काहीच संबंध नाही. ही दोन्ही मते चुकीची आहेत.

कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण बांधले गेले तेव्हा दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त प्रदेश, असाच सर्वसाधारण समज होता. १९६२ मध्ये शिवसागर जलाशयात पाणी साठू लागले आणि थोड्याच काळात आसपासच्या गावांतून जमिनीतून आवाज येत असल्याच्या, भांडी हलत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. पुण्याजवळच्या खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तिथे भूकंपमापक बसवले. त्या नोंदींवरून हे धक्के उथळ आहेत आणि जलाशयाच्या परिसरातच केंद्रित आहेत, हे दिसू लागले. १९६७ च्या सप्टेंबरात ५ च्या पुढचा एक धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची बहुतेक घरे पडली, सुमारे १८० ते २०० माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनेच्या विजेवर चालणाऱ्या मुंबईतले कारखाने बंद पडले. जलाशयामुळे चाळवल्या गेलेल्या भूकंपांमध्ये आजही हाच सर्वांत मोठा मानला जातो.

धरण फुटले नाही, पण त्याला तडे गेले, आणि ते कुठे गेले हे पाहण्यासारखे आहे. भिंतीची मागची, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध अंगाची बाजू खालून वर जाताना एका ठराविक उंचीवर आपला उतार एकदम बदलते आणि तिथून वर भिंत जवळजवळ सरळ उभी होते. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांमध्ये नेमके त्या वळणाच्या पातळीला आडवे तडे गेले. भिंत हादरली की डोक्याकडचा भाग अधिक झुलतो आणि आकार जिथे अचानक बदलतो तिथे ताण एकवटतो, हे त्या तड्यांनी जगभरच्या धरण अभियंत्यांना प्रत्यक्ष दाखवून दिले. पुढे त्या भागांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन धरण मजबूत करण्यात आले. धरणाच्या भूकंपरोधक रचनेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आज कोणत्याही देशात कोयनेचे उदाहरण सोडवावेच लागते.

आता पाण्याचा वाटा. सहज सुचणारे उत्तर वजनाचे असते: एवढे अब्जावधी लिटर पाणी वर आणून ठेवल्यावर खालचा खडक दबणार आणि तुटणार. हिशेब मांडला तर हे उत्तर टिकत नाही. शंभर मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो भरतो. कोयनेचे भूकंप बहुतांशी २ ते ९ किलोमीटर खोलीवर होतात. ५ किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १३५० किलो असतो. म्हणजे काठोकाठ भरलेल्या जलाशयाने त्यात घातलेली भर एक टक्क्याहूनही कमी आहे, आणि जलाशय दरीसारखा अरुंद असल्यामुळे खोल जाता जाता ती आणखी विरळ होत जाते. शिवाय नुसत्या वजनाने खडक दबून अधिक घट्टही बसू शकतो.

खरे काम करतो तो खडकातल्या पाण्याचा दाब. जमिनीखालचा खडक अखंड नसतो. त्यात भेगा असतात, आणि काही भेगांच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात. अशा मोठ्या भेगेला भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना भूगर्भातील ताण सरकवू पाहत असतो आणि घर्षण त्यांना धरून ठेवत असते. हे घर्षण दोन बाजू एकमेकांवर किती जोराने दाबल्या आहेत यावर अवलंबून असते. भेगेत पाणी असेल आणि त्याचा दाब वाढला, तर ते पाणी दोन्ही बाजूंना आतून रेटते, त्यांच्यातला दाब तेवढा हलका होतो आणि घर्षणाची पकड सैल पडते. गरम पाण्याने विसळलेला स्टीलचा पेला ओल्या ओट्यावर पालथा घातला, की कोणी हात न लावता तो सरकू लागतो. आतली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित उचलून धरते, आणि ओट्याचा नगण्य उतारही त्याला पुरतो. पेल्याचे वजन बदललेले नसते आणि ओट्याचा उतारही बदललेला नसतो, फक्त पकड गेलेली असते. भ्रंशावर वाढलेला पाण्याचा दाब हेच करतो.

इथे एक गोष्ट बहुतेक वेळा सांगायची राहून जाते. जलाशयातले पाणी स्वतः पाच-सहा किलोमीटर खाली झिरपत जाऊन भ्रंशापर्यंत पोहोचायला हवे, असे नाही. खडकाच्या भेगांमध्ये पाणी आधीपासूनच असते. वर दाब वाढला की तो भेगेतून भेगेत पुढे सरकतो. हा प्रवास मंद असतो आणि त्याचे गणित असे, की अंतर दुप्पट झाले तर लागणारा वेळ चौपट होतो. एक किलोमीटर खोलीवर जो परिणाम काही दिवसांत जाणवेल, तो पाच किलोमीटरवर पोहोचायला काही महिने लागतात. कोयनेच्या नोंदी या गणिताशी चांगल्या जुळतात. पावसाळ्यात जलाशय भरू लागतो आणि त्यानंतर सप्टेंबरच्या सुमारास व पुन्हा डिसेंबरच्या सुमारास धक्क्यांची संख्या वाढलेली दिसते. पुढे वीजनिर्मितीसाठी पाणी उपसले जाऊन पातळी उतरू लागली, की फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी एक लहानसा चढ येतो. उतरत्या पातळीला धक्के का वाढावेत, हा प्रश्न रास्त आहे. वरचे वजन कमी झाल्याचा परिणाम खडकाला लगेच जाणवतो, पण खोलवर पोहोचलेला पाण्याचा दाब तितक्या लवकर ओसरत नाही. त्यामुळे थोडा काळ पकड आणखी सैल राहते.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतील डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या संबंधाचा अनेक दशके पाठपुरावा केला. जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटर किंवा त्याहून वेगाने चढणे ही कोयनेत ५ च्या वरच्या भूकंपासाठी आवश्यक, पण एकटी पुरेशी नसलेली अट आहे, असे त्यांना आढळले. दुसरे निरीक्षण असे की पाणी आधीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेले, की मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते. खडकाने एकदा सोसलेला दाब पुन्हा आला तर तो सहसा निभावून नेतो, नवा दाब आला तर मात्र कुरकुरतो. वारणेवर चांदोली येथे दुसरे धरण होऊन १९८५ पासून त्यात पाणी साठू लागले, आणि १९९३ नंतर धक्क्यांचे केंद्र दक्षिणेला, वारणेच्या बाजूला ठळकपणे सरकले. हा योगायोग मानणे मला तरी अवघड वाटते.

तरीही एवढ्यावरून ‘धरणाने भूकंप घडवला’ असे म्हणता येत नाही. ६.३ तीव्रतेच्या भूकंपात मोकळी होणारी ऊर्जा ही भूपट्टाच्या हालचालींमुळे खडकात हजारो वर्षे साठत आलेली असते. जलाशय ती निर्माण करू शकत नाही. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत हिमालयाला रेटतो आहे आणि त्या रेट्याचा ताण पठाराच्या पोटातल्या जुन्या भ्रंशांनाही सोसावा लागतो. कोयनेतला भ्रंश सरकण्याच्या अगदी बेतात आलेला होता. जलाशयाने उरलेली थोडीशी पकड काढून घेतली. पाणी साठले नसते तर कदाचित काही दशकांनी किंवा शतकांनी तिथे भूकंप झालाच असता. कधी, ते कोणालाच सांगता आले नसते. जगातली हजारो मोठी धरणे एकही धक्का न देता उभी आहेत, त्याचे कारणही हेच आहे: त्यांच्याखालचा खडक अजून सरकण्याच्या बेतात आलेला नाही. जलाशयाजवळ ६ च्या वरचे भूकंप झालेली ठिकाणे जगात मोजकी आहेत. चीनमधील शिनफेंगज्यांग, आफ्रिकेतील झांबिया-झिम्बाब्वे सीमेवरचे करिबा, ग्रीसमधील क्रेमास्ता आणि आपले कोयना, हे चारही भूकंप १९६२ ते १९६७ या काळातले आहेत.

पाण्याचा दाब भ्रंश सरकवू शकतो याचा अधिक थेट पुरावा अमेरिकेतून आला. कोलोरॅडोत डेन्व्हरजवळ १९६२ पासून लष्करी कारखान्याचे सांडपाणी खोल विहिरीत दाबाने सोडले जाऊ लागले आणि तिथे धक्के सुरू झाले. पुढे त्याच राज्यात रेंजली येथील तेलक्षेत्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम दाब वाढवून आणि कमी करून पाहिला. दाब वाढवला की धक्के वाढत आणि कमी केला की थांबत. अलीकडे ओक्लाहोमात तेल उपशासोबत येणारे खारे पाणी जमिनीत सोडल्यामुळे हजारो धक्के बसले आणि २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात भातसा जलाशयाजवळ १९८३ मध्ये ४.९ तीव्रतेपर्यंतचे धक्के बसले होते, ते मात्र पुढे शांत झाले.

इतके सगळे माहीत असताना जमीन खणायची गरज काय? अडचण अशी, की वर सांगितलेला ताण, दाब आणि घर्षण यांचा सगळा हिशेब आजवर जमिनीवर बसून, अप्रत्यक्ष नोंदींवरून मांडलेला आहे. कोयनेत भूकंप जिथे होतात तिथला दाब प्रत्यक्ष मोजलेला नाही. त्यासाठी कोयनेइतकी सोयीची जागा जगात क्वचितच मिळेल: भूकंप उथळ आहेत, लहानशा पट्ट्यात आहेत, सतत होतात, आणि पन्नास किलोमीटरच्या टापूत दुसरा कुठलाही सक्रिय भूकंपस्रोत नाही. भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराड येथे यासाठी स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभारली. आधी सुमारे दीड किलोमीटर खोलीच्या अनेक विंधणी घेण्यात आल्या आणि त्यांतल्या काहींत, पृष्ठभागावरच्या गोंगाटापासून दूर, भूकंपमापक उतरवण्यात आले. २०१६ च्या अखेरीस गोठणे येथे पथदर्शी विंधण सुरू झाले आणि २०१७ च्या मध्यापर्यंत ते तीन किलोमीटरच्या पलीकडे पोहोचले.

विंधणातून बाहेर काढलेला खडकाचा गोल दंडगोल, म्हणजे गाभा, कराडच्या संग्रहात पेट्यांमध्ये ओळीने मांडून ठेवलेला असतो. तो वरून खाली वाचत जाता येतो. आधी येतो आपला ओळखीचा काळा कातळ, बेसॉल्ट. लाव्हारसाच्या प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, त्या छिद्रांत पांढरी खनिजे भरलेली, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या भाजक्या मातीची पट्टी. गोठण्याच्या विंधणीत हा क्रम सव्वा किलोमीटरच्या आसपास चालतो. मग एका सीमेवर काळा रंग संपतो आणि करडा-गुलाबी, मोठ्या कणांचा ग्रॅनाइटी खडक सुरू होतो. काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, खालचा खडक सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा. दोहोंमध्ये गाळाचा जाड थर असेल असे काहींना वाटत होते, पण विंधणींमध्ये तो आढळला नाही, लाव्हा थेट त्या प्राचीन खडकावर येऊन पसरलेला दिसला. भ्रंशाच्या पट्ट्यात गाभा अखंड येत नाही. तुकडे होतात, आणि काही तुकड्यांच्या एका बाजूला घासून गुळगुळीत झालेली, समांतर ओरखडे उमटलेली पृष्ठे दिसतात. ते ओरखडे म्हणजे खडक कोणत्या दिशेने सरकला त्याची नोंद असते.

विंधणीच्या भिंतीसुद्धा माहिती देतात. खोल खडकात गोल भोक पाडले, की ज्या दिशेने दाब सर्वाधिक असतो तिला काटकोनात भिंतीचे कपचे निखळतात. त्यावरून गोठण्याच्या विंधणीत सर्वाधिक आडवा दाब ढोबळमानाने उत्तर-दक्षिण दिशेचा आहे, असे दिसते. १९६७ चा भूकंप उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य गेलेल्या दोनाचीवाडा भ्रंशावर, दोन्ही बाजू आडव्या सरकून झाला होता. दाबाची दिशा आणि भ्रंशाची दिशा यांचा हा मेळ सरकायला अनुकूल आहे. विंधणीत विशिष्ट खोलीवर पाण्याचा दाब देऊन खडकाला बारीक तडा पाडायचा आणि तो तडा उघडायला किती दाब लागतो ते मोजायचे, अशा चाचण्यांतून ताणाचे आकडेही मिळवले जातात. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांना तर या खोल खडकांमध्ये सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्या. सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न जवळपास नाही, अशा ठिकाणी ते खडकातल्या वायूंवर आणि खनिजांवर कसे जगतात, हा भूकंपापासून बाजूला जाणारा, पण मला भूकंपाइतकाच ओढून घेणारा विषय आहे.

विंधणीतून भूकंपाचे भाकीत मिळेल का, हा प्रश्न येणारच. कोयनेत ४ च्या आसपासच्या काही धक्क्यांआधी लहान धक्के एका ठिकाणी एकवटू लागतात असे आढळले होते, आणि त्या आधारे २००६ च्या मे महिन्यात वर्तवलेला एक धक्का खरोखर झालाही. पण प्रत्येक मोठ्या धक्क्याआधी असे एकवटणे दिसत नाही. म्हणून या पद्धतीवर गावे रिकामी करण्याइतका भरवसा आज ठेवता येत नाही. ‘लहान धक्के बसताहेत म्हणजे जमिनीतली शक्ती थोडी थोडी बाहेर पडते आहे, मोठा भूकंप टळला’ हे पाटण-चिपळूणकडे हमखास ऐकू येणारे समाधानही आकड्यांत बसत नाही. तीव्रता एका अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६.३ च्या एका भूकंपाची ऊर्जा बाहेर पडायला ४.३ तीव्रतेचे एक हजार, आणि ३.३ तीव्रतेचे तीस हजारांहून अधिक भूकंप लागतील. साठ वर्षांत ४ च्या वरचे धक्के दोनशेच्या घरात आहेत.

जलाशय हळू भरावा, म्हणजे पातळीचा वेग आवाक्यात राहील, अशीही सूचना अधूनमधून होते. ती कागदावर योग्य आहे, पण सह्याद्रीच्या पावसापुढे फारशी चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी येते ते दिवसाला कित्येक टीएमसीने. ते धरणात न अडवता सोडावे, तर खाली कराड आणि सांगलीला पुराचा धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टनंतर तो कोणी विसरलेले नाही. भूकंपाची शक्यता किंचित कमी करण्यासाठी पूर निश्चितपणे ओढवून घेणे कोणताही अधिकारी पत्करणार नाही, आणि त्याने पत्करूही नये. परिसरातली घरे भूकंप सोसतील अशी बांधणे, विशेषतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींना आडवे पट्टे देऊन बांधून घेणे, हा अधिक खात्रीचा उपाय आहे. २००२ च्या भारतीय नकाशात कोयना परिसर चौथ्या, म्हणजे तीव्र भूकंपाच्या क्षेत्रात होता.

पुढचा टप्पा याहून खोल जाण्याचा आहे. पथदर्शी विंधण तीन किलोमीटरपर्यंतच आहे आणि बरेचसे भूकंप त्याखाली होतात. सुमारे सहा किलोमीटरची विंधण घेऊन तिच्यात ताण, तापमान आणि पाण्याचा दाब मोजणारी उपकरणे वर्षानुवर्षे ठेवायची, अशी मूळ योजना आहे. जलाशय भरल्यावर तो दाब खाली किती दिवसांनी आणि किती वाढतो, आणि धक्का बसण्याआधीच्या तासांत तो स्थिर असतो की हलतो, याची भ्रंशाच्या शेजारी बसून घेतलेली नोंद कोयनेसारख्या जलाशयाशेजारी अजून कोणी घेतलेली नाही.